दारातली बाई

निकिताला पहिली मुलगी झाली ती दोन हजार तेवीस सालच्या गणपतीत. गौरी जेवायच्या दिवशी सकाळीच दवाखान्यातून तिच्या बापाचा, संतोषचा फोन आला आणि रंगूबाईने गौरींच्या पुढ्यातला पेढा उचलून थेट नवऱ्याच्या, बहिरूतात्यांच्या तोंडात घातला. नैवेद्य दाखवायचा राहिलाय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तात्यांनी पेढा चघळत विचारलं, "काय झालं?"

"पनजोबा झाले तुमी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

तात्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. आनंद होताच. पण घरात बाळंतपणाचा विषय निघाला की रंगूबाईला आधी आपली लेक सुवर्णा आठवायची, मग बाकीचं जग.

मखमलाबादच्या नव्या बंगल्यातलं हे पहिलंच बाळंतपण. मळ्यातलं जुनं कौलारू घर पाडून संतोषने त्याच जागेवर दुमजली घर बांधलं होतं. गुलाबाच्या पॉलिहाउसने त्याला हात दिला. खाली मोठा हॉल, हॉलच्या एका भिंतीला टीव्ही आणि त्याच्यासमोरची भिंत मोकळी. ती भिंत मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिथे चित्र यायचं होतं.

या घराची एक रीत होती, आणि ती पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती. लेक माहेरी बाळंत होऊन सासरी निघाली की तिला चित्राखाली उभं करायचे. बाळ कडेवर, काखेत भाकरीचं गाठोडं, खांद्याला पाण्याचं भांडं. बापाने तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "सुखानं जा." मग ती उंबरा ओलांडायची.

चित्र आणलं तात्यांच्या वडलांनी, भिकाबाबांनी. शरणपूरच्या एका बंगल्यावर ते रोज फुलं पोचवायचे. तिथला बेल्जियमचा म्हातारा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने सामान वाटून टाकलं. कुणी पलंग नेला, कुणी काचेची भांडी नेली. भिकाबाबांच्या वाट्याला हे चित्र आलं. कापडावर तेलरंगात काढलेलं, दोन माणसांनी धरावं एवढं मोठं. मुंडासं बांधलेला दाढीवाला म्हातारा, त्याच्यापुढे डोक्यावरून कापड घेतलेली बाई, तिच्या हाताशी लहान पोरगा. म्हाताऱ्याचा हात बाईच्या खांद्यावर. बाईकडे भाकरी, पाणी. बाई डोळे पुसतेय आणि पायात एक कुत्रं घुटमळतंय. भिकाबाबांनी साहेबाला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? बाप लेकीला नातवासकट सासरी धाडतोय. शिदोरी दिली, पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. लेक रडतेय, कारण लेकी रडतातच. मुलूख कुठला का असेना, चित्र आपल्याच घरातलं.

तात्यांच्या बहिणी त्या चित्राखालून गेल्या. मग सुवर्णा गेली.

सुवर्णा पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा हसत होती. कडेवरचा दीपक तीन महिन्यांचा होता आणि त्याने तात्यांच्या मिशीला हात घातला होता. दुसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा दीपक तिचं बोट धरून चालण्याएवढा झाला होता. मालेगावहून ती एकटीच पोराला घेऊन आली होती. नवरा यंत्रमागावर कामाला जायचा आणि संध्याकाळी दारू पिऊन यायचा. रंगूबाईने तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाठीवरचे वळ बघितले होते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी सुवर्णा जायचं नाव काढीना. मग एका संध्याकाळी तात्या म्हणाले, "उद्या चित्राखाली उभी राहा."

सगळं रीतीने झालं. भाकरी रंगूबाईनेच थापल्या, तिनेच बांधल्या. तात्यांनी खांद्यावर हात ठेवला. अंगणात गेल्यावर सुवर्णाने एकदा मागे वळून पाहिलं. रंगूबाई दारात उभी होती.

त्यानंतर ती या घरात आली नाही. नवऱ्याकडेही राहिली नाही. मालेगावातच एक खोली घेऊन शिवणकाम करू लागली. नवरा पुढे दारूनेच गेला. दीपक शिकला, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात लागला. भाऊबंदांच्या लग्नात मायलेकींची गाठ पडायची. "बरी हायेस का?" "बरी आहे." एवढंच व्हायचं आणि मग अक्षता पडायच्या. रंगूबाईने मालेगावला जायचं काढलं की तात्या म्हणायचे, "लेकीनं माहेरी यायचं असतं. आपुन तिच्या दारात नाय जायचं. लेकीच्या घरचं पानीबी घेऊ नये."

पण सुवर्णा गेली त्याच संध्याकाळी रंगूबाईने चित्राखालच्या कोनाड्यात पणती लावली होती आणि मग जुनं घर पाडेपर्यंत ती रोज लावली. घरच्यांना वाटायचं, देवाला लावते. चित्रातल्या रडणाऱ्या बाईचं नाव तिने मनात काय ठेवलंय, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

*

मार्गशीर्ष लागला तशी निकिताला धुळ्याला पोचवायची बोलणी सुरू झाली. रंगूबाईच्या मनात एकच होतं. या पाठवणीला सुवर्णाने यावं. आता पाय सुजत होते, जिना चढवत नव्हता. पुढच्या पाठवणीपर्यंत आपण असू की नाही, कोणी सांगावं? तिने निकिताला फोन लावायला सांगितला.

"सुवर्णा, ये ना गं. भावाला नात झाली. बघायला तरी ये."

"बघितली की मोबाइलवर. नाक संतोषचं आहे."

"मोबाइलवर हात लागतो का गं?"

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"चित्र लावलंय का, आई?"

"धुवायला दिलंय. संत्या म्हनतो हॉलमधी लावायचं."

"मग नाही जमायचं. त्याच्याखालून मी दोनदा गेले. आता त्याच्याखालून आत पण यायचं नाही मला."

"अगं, चित्रानं काय केलं तुझं?"

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं. त्या आवाजात फोन कधी बंद झाला ते रंगूबाईला कळलं नाही. ती बराच वेळ कानाला लावून बसली.

*

चित्र आलं ते रविवारी सकाळी, टेम्पोतून, दोन गोधड्यांत गुंडाळून. सोबत रविराज सर होते. शरणपूरचे, ख्रिस्ती, संतोषला शाळेत चित्रकला शिकवलेले. आता निवृत्त झाले होते आणि जुनी चित्रं साफ करण्याचा त्यांना नाद होता. गुलाबाची रोपं विकायला आलेल्या एका बेल्जियमच्या माणसाने काळवंडलेलं चित्र बघून संतोषला सांगितलं होतं की ही आमच्याकडची जुनी धाटणी, फ्लेमिश. कुणीतरी मूळ चित्रावरून हौसेने उतरवलेलं दिसतंय, नीट धुऊन घ्या. तेव्हापासून संतोष येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होता.

"हळू धरा! फ्लेमिश हे ते," तो टेम्पोवाल्यावर ओरडला.

"फ्लेमिश फ्लेमिश करून डोकं उठवलंय," त्याची बायको उज्वला ओट्यावरून म्हणाली. "परवा भाजीवालीला पण सांगत होते. ती म्हणे, दादा, किलोनं मिळतं का?"

तात्या खुर्चीत बसल्या बसल्या हसले. निकिता बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत उभी होती. चित्र भिंतीवर चढलं, सरांनी मागे सरून ते सरळ आहे का बघितलं आणि गोधडी ओढली.

चित्रात एवढा उजेड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचा अंगरखा तपकिरी नव्हता, लाल होता. कुत्रं काळं नव्हतं, पांढरं होतं. बाईच्या मागे मैदान निघालं होतं, मैदानात खुरटी झुडपं. आणि उजवीकडे वर, जिथे इतकी वर्षं नुसता अंधार होता, तिथे घराचं दार निघालं होतं. दारात एक बाई उभी होती.

"आता गं बया," उज्वला म्हणाली. "ही कोण?"

"घरात आनखी एक बाई निघाली!" तात्यांनी मांडीवर थाप मारली.

"सर, तुम्ही काढली का काय?" संतोषने विचारलं.

"मी कशाला काढू?" सर म्हणाले. "मूळचं वार्निशच काळं पडलेलं, त्यात तिथे वर काजळीचा जाड थर होता. तेलाच्या दिव्याची काजळी. चित्राखाली दिवा लावायचे का कुणी?"

"आत्याबाई लावायच्या ना," उज्वला म्हणाली. "रोज. आणि बघा तरी आत्याबाई, तुम्हीच आहात की ती! लेक चाललीय आणि आई दारात उभी. हुबेहूब!"

सगळे हसले. रंगूबाई भिंतीला हात लावत लावत चित्राच्या जवळ गेली. ती बाई अर्धी दाराआड होती. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताने एका लहान पोराला पोटाशी धरलेलं. ती रडत नव्हती. नुसती बघत होती. काम एकदाचं होतंय की नाही, हे बघावं तसं.

"सर, ही बायबलमधली गोष्ट आहे ना?" निकिताने विचारलं. "नक्की काय आहे ती?"

"आधी चहा घेऊ," सर म्हणाले.

"चहा ठेवलाय. सांगा ना. पाठवणीचीच आहे ना गोष्ट?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पाठवणीची म्हणजे... तशी नाही."

"मंग कशी?" तात्या म्हणाले.

"तात्या, हा अब्राहाम. मोठा माणूस, देवाचा लाडका. ही दारातली त्याची बायको, सारा. तिला मूल होत नव्हतं, म्हणून तिनंच आपली दासी नवऱ्याला दिली. ही पुढची, हागार, ती दासी. तिला हा मुलगा झाला. पुढे म्हातारपणी साराला स्वतःचा मुलगा झाला. तो बघा, तिच्या पोटाशी. मग ती नवऱ्याला म्हणाली, हिला आणि हिच्या पोराला घालवून दे. त्याला वाईट वाटलं. पण सकाळी उठून त्याने भाकरी दिली, पाणी दिलं आणि..."

"आनि?"

"आणि घालवून दिलं. रानात."

गॅसवरचा चहा उतू गेल्याचा वास आला. उज्वला आत पळाली आणि गॅस बंद करून तशीच परत आली, हातात फडकं घेऊन.

"म्हणजे आपण इतकी वर्षं लेकींना..." तिने चित्राकडे बोट केलं. "काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा. माझी लेक त्याच्याखाली उभी राहणार नाही."

"अगं, आत्ता तर लावलं," संतोष म्हणाला. "आणि गोष्ट काय का असेना, आपल्या घराण्यात त्याचा अर्थ चांगलाच धरलाय ना? आजोबांनी..."

"तुमच्या घराण्यात लेकीच चालल्या ना त्याच्याखालून. तुम्ही कधी उभे राहिलात?"

"मम्मी बरोबर बोलतेय, पप्पा," निकिता म्हणाली. "मी नाही उभी राहणार."

"भिकाबाबा काय खुळे होते?" तात्यांचा आवाज चढला. "समद्या लेकी सुखानं नांदल्या. समद्या! कुनाचं वाईट झालं का, सांगा?"

सगळ्यांच्या डोळ्यापुढे एकच नाव आलं आणि ते तात्यांनाही दिसलं. ते खुर्चीत थोडे पुढे झाले. रविराज सरांकडे नाही, संतोषकडे नाही, ते बायकोकडे बघत होते.

"माझ्याकडं काय बघतीस? तूच म्हनली होतीस. चुलीपुढं बसून. म्हनली होतीस ना, लोक इचारायला लागलेत, लेक घरात का बसलीय म्हनून?"

रंगूबाईला ती सकाळ आठवली. चुलीत ओलं लाकूड होतं, धूर होत होता. ती एवढंच म्हणाली होती. तिला वाटलं होतं, तात्या म्हणतील, इचारू दे लोकांना. त्यांनी तसं म्हणावं म्हणूनच ती बोलली होती. आणि दाराशी पाण्याची घागर घेऊन सुवर्णा उभी होती, ते दोघांनाही दिसलं नव्हतं. का दिसलं होतं?

"म्हनले होते," ती म्हणाली.

उज्वलाने सासूकडे बघितलं, मग चित्राकडे, मग फडकं घट्ट पिळलं. मघाशी आपण काय बोललो ते तिला आठवलं असावं. "आत्याबाई, मी हसण्यावारी..."

"राहू दे गं." रंगूबाई सरांकडे वळली. "सर, मंग त्या पोरीचं काय झालं? रानात गेल्यावर?"

सरांना बोलताना आता सोपं गेलं. त्यांनी बोटाने मैदानाच्या पार टोकाला दाखवलं. तिथे, नखाएवढी, तीच बाई पुन्हा काढलेली होती. बसलेली. जरा दूर एका झुडपाखाली पोरगा आडवा.

"पाणी संपलं. पोर तहानेने कासावीस झालं. ते मरताना बघवेना, म्हणून तिने त्याला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली. रडत. मग हा बघा, देवदूत आला. त्याने तिला विहीर दाखवली."

"पानी मिळालं?"

"मिळालं. पोरगा जगला. मोठा झाला, तिरंदाज झाला."

"आनि ती घरी आली का परत?"

"नाही, रंगूआजी. परत आल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

"आनि ही? दारातली?"

"सारा? ती म्हातारी होऊन मेली. अब्राहामाने जमीन विकत घेऊन तिला तिथे पुरलं."

"त्या दोघी भेटल्या का मधी, कवा?"

सरांनी मान हलवली. "नाही."

बाळ रडायला लागलं. निकिता त्याला घेऊन आत गेली. संतोष स्टूल ओढत म्हणाला, "काढतो बाबा. नको ती कटकट घरात."

"काढू नको," रंगूबाई म्हणाली.

उज्वला चकित झाली. "आत्याबाई! निकिताच्या पाठवणीला हे?"

"निकिता नाय उभी राहायची त्याच्याखाली. कुनीच नाय. पन चित्र राहू दे." ती पुन्हा जवळ गेली आणि दारातल्या बाईच्या चौकटीवरच्या हातावर बोट ठेवलं. बोटाला काही लागलं नाही. "इतकी वर्सं दिवा लावला मी. पुढचीला उजेड पडावा म्हनून. अन् सगळी काजळी हिच्यावर बसली."

रविराज सरांनी तो चहा घेतलाच नाही. जाताना दारात संतोषला म्हणाले, "मी उगाच धुतलं बाबा."

"नाय सर," संतोष म्हणाला.

*

निकिताचा नवरा कुंदन गुरुवारी सकाळी गाडी घेऊन आला. हवेत गारठा होता. पॉलिहाउसच्या कागदावरून दव ओघळत होतं. उज्वलाने ओट्यावरच पाट मांडला, तुळशीपाशी, आणि तिथेच लेकीची ओटी भरली. बाळाला अंगडं, टोपडं, कानाला काजळाचा ठिपका. डिंकाच्या लाडवांचे डबे डिकीत गेले. हॉलमध्ये कुणी गेलं नाही. तात्या तिथे एकटेच खुर्चीत बसून होते, चित्राकडे पाठ करून.

सगळं झाल्यावर रंगूबाई घरातून बाहेर आली. नेसूचं चांगलं लुगडं, अंगात स्वेटर, काखेत गाठोडं. दुसऱ्या हातात झाकण लावलेला पाण्याचा तांब्या.

"आजी, शिदोरी मी घेतली की," निकिता म्हणाली.

"ही तुझी नाय." तिने कुंदनला विचारलं, "जावईबापू, धुळ्याची वाट मालेगाववरनंच जाती ना?"

"हो आजी. हायवेच आहे."

"मंग मला तिथं उतरवा."

उज्वलाच्या हातातलं ताट तिरकं झालं. कुंकवाचा करंडा घसरून पाटावर सांडला. संतोष म्हणाला, "आई, दम खा. मी रविवारी नेतो तुला. तात्यांना विचारून..."

"तात्यांना मीच इचारते," म्हणून तिने वळून बघितलं. तात्या काठी टेकत दारापर्यंत आले होते. चौकटीला एक हात धरून उभे होते. संतोषने एकदा बापाकडे बघितलं, एकदा आत भिंतीकडे, आणि मान खाली घातली.

"कुठं निघाली?"

"लेकीकडं."

"लेकीनं माहेरी यायचं असतं."

"जिला पाठवली ती येती. ही घालवलेली हाय. ती कशी येईल?" रंगूबाईचा आवाज चढला नाही. "आपल्यालाच जावं लागंल. मी चालले. तुमचं तुमी बघा."

"लोक काय म्हनतील?"

"ते मी एकदा म्हनून बसले. आता नाय म्हननार."

तात्या उंबऱ्यावर उभेच राहिले. त्यांनी काठीचा हात वर केला, जणू तिच्या खांद्यापर्यंत न्यायचा होता, पण मध्ये अंगण होतं आणि काठीशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. हात खाली आला.

"शाल घे," ते म्हणाले. "चांदवडाच्या पुढं लय गार लागतं."

उज्वला आत धावली आणि शाल घेऊन आली. स्वतःची. सासूच्या अंगावर टाकताना तिने कानात विचारलं, "आत्याबाई, परत कधी येणार?"

रंगूबाईने सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि गाडीत बसली.

ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. द्राक्षांच्या बागांत घडांना कागदाच्या टोप्या घातलेल्या होत्या. निकिता झोपली. बाळ पणजीच्या मांडीवर होतं आणि त्याने तिच्या शालीचं टोक मुठीत धरलं होतं. रंगूबाई बाहेर बघत होती. या रस्त्याने सुवर्णा पोराला घेऊन एसटीने गेली असेल. तिने कुठे भाकरी सोडली असेल? चांदवडच्या स्टँडवर? का सोडलीच नसेल, तशीच नेली असेल, वाळून गेली असेल? पाणी कुठं संपलं असेल? इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. मनातसुद्धा नाही. मनात ती नेहमी चित्रातच उभी होती, जायला निघालेली, अजून गेली नव्हती.

"आजी, रडताय?" कुंदनने आरशातून विचारलं.

"गार वारं लागतं डोळ्याला," ती म्हणाली. काच वर होती.

*

मालेगावात गल्ली अरुंद, गाडी आत जाईना. कुंदन म्हणाला, "चला, मी घरापर्यंत सोडतो." रंगूबाई म्हणाली, नको, निकिता नि बाळ गाडीत आहेत, उशीर करू नका, मी विचारत जाते. ती बाळाचा पापा घेऊन उतरली. यंत्रमागांचा खडखडाट दोन्ही बाजूंनी येत होता, भिंतीसुद्धा हलताहेत असं वाटत होतं. सायकलवर तागे लादलेला एक माणूस बाजूला झाला. एका ओट्यावर बसलेल्या बाईला तिने विचारलं, "सुवर्णा शिवणवाली कुठं राहती?"

"समोरनं निळं दार शे ना, तेच," ती बाई अहिराणीत म्हणाली. "तुमी कोन शेतस?"

रंगूबाईने सांगितलं नाही. ती निळ्या दारापुढे गेली आणि थांबली. दार अर्धं उघडं होतं, आत मशीन चालू होतं. गाठोडं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं, तांब्यातलं पाणी डचमळलं.

मशीन थांबलं. सुवर्णा दारात आली. गळ्यात टेप, केस कानाजवळ पांढरे झालेले. तिने बाहेर कोण आहे ते बघितलं आणि तिचा एक हात चौकटीवर गेला.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. रस्त्यावर आई, दारात लेक.

"एकटी आलीस?" सुवर्णाने विचारलं.

"एकटी."

"तात्या?"

"नाय आले. शाल घे म्हनाले."

सुवर्णाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिची नजर आईच्या काखेतल्या गाठोड्यावर गेली. फडकं तिने ओळखलं असेल, किंवा गाठ. तशी गाठ रंगूबाईच बांधायची, दोन पीळ देऊन.

"चित्रात दारात एक बाई निघाली," रंगूबाई म्हणाली. "धुतल्यावर. काजळीखाली होती."

"मला माहीत आहे."

"तुला कुनी सांगितलं? दीपकनं?"

"कुणी नाही." सुवर्णा म्हणाली. "चित्रातलं नाही बघितलं मी, आई. अंगणातून मागं वळून बघितलं होतं ना, तेव्हा बघितलं."

मागांचा आवाज चालूच होता. रंगूबाईने गाठोडं पुढे केलं. सुवर्णाने ते घेतलं नाही. घेतलं नाही, पण चौकटीवरचा हात काढला आणि आईचा दंड धरला. "पायरी आहे खाली. जपून."

खोली लहान होती. कापडांचे ढीग, भिंतीवर दीपकचा फोटो. एक खुर्ची होती, तिच्यावर अर्धवट शिवलेलं पोलकं होतं, ते सुवर्णाने बाजूला केलं. रंगूबाई बसली. सुवर्णा मटक्याकडे गेली, पेला भरला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. लेकीच्या घरचं पाणी.

"देऊ?" तिने विचारलं.

रंगूबाईने दोन्ही हात पुढे केले. पेला तोंडाला लावला आणि मध्ये न थांबता, सगळं प्याली. थोडं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. सुवर्णा खाली वाकली आणि आपल्या पदराने ते टिपू लागली. टिपता टिपता तिचं डोकं आईच्या गुडघ्यांवर आलं आणि तिथेच राहिलं.

दुपारी दोघींनी त्या भाकरी खाल्ल्या.

रंगूबाई मखमलाबादला परत गेली नाही. तात्या दोनदा येऊन गेले, संतोषच्या गाडीतून. पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी गाडीतच बसून राहिले. दुसऱ्यांदा आत आले, खुर्चीवर बसले, आणि सुवर्णाने पुढे केलेला चहा घेतला. हॉलमधलं चित्र आहे तिथेच आहे. त्याच्याखाली आता कुणाला उभं करत नाहीत.

रंगूबाई दोन हजार चोवीस सालच्या वैशाखात, मालेगावला, सुवर्णाच्या घरी वारली.